बाल्कनीत स्ट्रॉबेरी येते का? येते, पण रीलमध्ये दाखवतात तशी नाही

डिसेंबर-जानेवारीत पसरणीचा घाट चढून पाचगणीच्या दिशेने निघालं की रस्त्याच्या कडेला लालभडक स्ट्रॉबेरीचे ढीग दिसायला लागतात. गाडी थांबते, दोन बॉक्स घेतले जातात आणि गाडीतलं कोणीतरी एक वाक्य हमखास टाकतं, "आपण घरी लावूया की. कुंडीत येते म्हणे."

मग घरी आल्यावर मोबाईल उघडला की अल्गोरिदम तयारच असतो. एक रील येते. स्ट्रॉबेरीची चकती कापली, मातीत पुरली, पाणी शिंपडलं, आणि पंधरा सेकंदात कुंडी फळांनी लगडली. पुढच्या रीलमध्ये निळी स्ट्रॉबेरी. त्याच्या पुढच्या रीलमध्ये त्याच निळ्या स्ट्रॉबेरीच्या बिया विकायला.

दोन वर्षांपूर्वी मीही या रीलला भुलून बिया मागवल्या होत्या. निळ्या नाही, साध्या लाल. ताईची सहा वर्षांची मुलगी आमच्याकडे राहायला आली होती, तिला सांगून ठेवलं की तुझ्या वाढदिवसाला घरची स्ट्रॉबेरी खाऊ. तिनं महिनाभर रोज सकाळी उठून कुंडीत डोकावलं. "मावशी, आली का?" शेवटी काहीतरी उगवलं, वाढलं, आणि शेजारच्या काकूंनी एका नजरेत सांगितलं की हे तण आहे. बिया कोणी विकल्या ते सोडा, चूक माझीही होती. कारण स्ट्रॉबेरी कशी वाढते हे मी बघितलंच नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा प्रयत्न केला, या वेळी आधी वाचून, विचारून. आणि पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत स्ट्रॉबेरी आली. त्यातून जे कळलं ते एका ओळीत सांगायचं तर स्ट्रॉबेरी अवघड नाही, फक्त ती बियांची नाही तर रोपांची गोष्ट आहे, आणि बारा महिन्यांची नाही तर हिवाळ्याची गोष्ट आहे. आता हेच नीट समजून घेऊ.

बियांपासून का नको?

आधी एक गंमत. स्ट्रॉबेरीच्या अंगावर जे पिवळे ठिपके दिसतात त्यांना आपण बिया म्हणतो. वनस्पतीशास्त्राच्या हिशोबाने तो प्रत्येक ठिपका म्हणजे एक स्वतंत्र, सुकं फळ आहे आणि खरी बी त्याच्या आत असते. एका स्ट्रॉबेरीवर असे साधारण दोनशे ठिपके असतात. आणि आपण जो लाल गर खातो तो खरं तर फुलाचा फुगलेला देठाचा भाग.

या बिया उगवतात का? उगवतात. पण त्यांना उजेड लागतो, खोल पुरल्या तर उगवत नाहीत, वेळही बराच घेतात. आणि उगवल्यावरही रोप सुईच्या टोकाएवढं. त्याला फळ लागेपर्यंत बहुतेक वेळा पुढचा हंगाम उजाडतो. आपल्याकडे मधे उन्हाळा आणि पावसाळा येतो, आणि तिथंच खेळ संपतो.

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. बाजारात मिळणारी स्ट्रॉबेरी संकरित आहे. तिच्या बीपासून आलेलं रोप आईसारखं असेलच असं नाही. कलमी हापूसची कोय लावून हापूसच येईल याची खात्री नसते, तसंच हे. फळ बारीक येईल, आंबट येईल, काहीही येईल.

या संकराची कहाणी पण भारी आहे. अमेदे फ्रांस्वा फ्रेझिए नावाचा एक फ्रेंच लष्करी इंजिनिअर होता. फ्रान्सच्या राजाने त्याला दक्षिण अमेरिकेत स्पॅनिश लोकांच्या किल्ल्यांची हेरगिरी करायला पाठवलं. हा गडी चिलीमध्ये किल्ल्यांचे नकाशे काढता काढता तिथल्या मोठ्या फळाच्या स्ट्रॉबेरीच्या प्रेमात पडला. १७१४ मध्ये परत येताना त्याने ती रोपं जहाजावर घेतली. कित्येक महिन्यांचा प्रवास, गोड्या पाण्याची टंचाई, तरी पाच रोपं जगली. पण फ्रान्समध्ये लावल्यावर त्यांना फळच येईना. कारण ती सगळी मादी झाडं होती. पुढे त्यांच्या जवळ उत्तर अमेरिकेतून आलेली दुसरी स्ट्रॉबेरी लावली गेली, तिचे परागकण मिळाले आणि फळं धरली. या दोघींच्या संकरातून जी आली ती आज जगभर खाल्ली जाणारी स्ट्रॉबेरी. १७६६ मध्ये आंत्वान निकोला द्युशेन या तरुण फ्रेंच अभ्यासकाने हा संकर आहे हे ओळखून लिहून ठेवलं.

म्हणजे ज्या निळ्या स्ट्रॉबेरीच्या बिया विकल्या जातात तिचं काय? तिचं काहीच नाही. निळी स्ट्रॉबेरी अस्तित्वातच नाही, फोटोचा रंग बदललेला असतो. विषय संपला.

मग शेतकरी काय लावतात?

स्ट्रॉबेरीचं झाड स्वतःची पोरं स्वतःच तयार करतं. त्याच्या बुडातून लांब दोरीसारखी धावती खोडं निघतात. त्यांना सगळे रनर म्हणतात. रनर जमिनीवर पसरतो, टोकाशी पानं फुटतात, खाली मुळं धरतात आणि नवीन रोप तयार होतं. हे रोप हुबेहूब आईसारखं असतं. शेतकरी हीच रोपं लावतात.

महाबळेश्वर-पाचगणी पट्ट्यातले शेतकरी स्वीट चार्ली, कॅमारोसा, विंटर डॉन, नाबिला अशा जाती लावतात. स्वीट चार्ली आणि विंटर डॉन अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाने तयार केलेल्या, तर कॅमारोसा कॅलिफोर्निया विद्यापीठाची. परदेशातून मातृरोपं आणायची, पावसाळ्यात नर्सरीत त्यांचे रनर वाढवायचे आणि पाऊस ओसरला की शेतात लागवड करायची, असं हे चक्र आहे. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

आपल्याला घरी हेच करायचंय, फक्त छोट्या प्रमाणात. बिया नाही, रनरपासून तयार झालेलं रोप आणायचं.

नर्सरीत रोप घेताना तीन गोष्टी बघा. पानं तीन-तीनच्या जुडग्यात, करकरीत दातेरी काठाची आणि ताजी हिरवी असावीत. मधला कोंब घट्ट आणि निरोगी असावा, मऊ पडलेला किंवा काळा नको. आणि फूल असेल तर त्याचा रंग बघा. खाण्याच्या स्ट्रॉबेरीचं फूल पांढरं असतं, क्वचित शोभेच्या जातीत गुलाबी. पिवळं फूल असेल तर हात जोडून परत द्या. ती नकली स्ट्रॉबेरी. तिला लाल गोल फळं येतात, दिसायलाही छान असतात, पण चव पाण्यासारखी.

कधी लावायची? इथंच बहुतेकांचं गंडतं

स्ट्रॉबेरीच्या नेहमीच्या जाती दिवस लहान आणि रात्री गार असल्या की फुलं धरतात. दिवस मोठा आणि गरम झाला की झाड फुलांचा नाद सोडतं आणि नुसते रनर काढत सुटतं. आपल्याकडे दिवस युरोपातल्या उन्हाळ्यासारखा सोळा तासांचा कधी होत नाही. त्यामुळे आपल्याकडे खरा हुकूम चालतो तो गारव्याचा. रात्री १० ते १५ अंश आणि दिवसा २०-२५ अंश म्हणजे स्ट्रॉबेरीची चैन. दिवसाचं तापमान ३० च्या वर रेंगाळायला लागलं की फुलं कमी होतात, फळं बारीक राहतात.

म्हणून महाराष्ट्रातल्या मैदानी भागात रोप लावायची वेळ म्हणजे पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरची सुरुवात. तेव्हा लावलं तर डिसेंबरच्या आसपास फुलं, आणि फुलापासून साधारण महिन्याभरात फळ. हा खेळ मार्चपर्यंत चालतो.

आपण करतो काय? जानेवारीत महाबळेश्वरला जातो, फळं लागलेलं रोप बघतो आणि घेऊन येतो. घरी आल्यावर आहेत ती चार फळं पिकतात, जागा बदलल्याने रोप आठवडाभर रुसतं, सावरेपर्यंत फेब्रुवारी संपतो आणि मार्चचं ऊन सुरू होतं. मग आपण म्हणतो, नर्सरीवाल्याने फसवलं. बऱ्याचदा त्याने फसवलेलं नसतं, कॅलेंडरने फसवलेलं असतं.

आता तुमच्या गावाचा हिशोब. पुणे, सातारा, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथं हिवाळ्यात नीट जमतं. विदर्भात थंडी कडक असते, पण मार्चपासून ऊन तापतं, म्हणून ऑक्टोबर चुकवू नका. मुंबई, ठाणे, कोकण किनारपट्टी आणि गोव्यात मात्र रात्री पुरेशा गार होत नाहीत. रोप जगेल, फळंही येतील, पण थोडी आणि लहान. अपेक्षा तेवढीच ठेवा.

आणि थंड हवेच्या डोंगराशिवाय होतच नाही असंही नाही. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्यात, मेळघाटातल्या चिखलदऱ्यात शेतकऱ्यांनी स्ट्रॉबेरी घेतली आहे. त्याहून भारी उदाहरण झाशीचं. होय, राणी लक्ष्मीबाईंची झाशी, जिथं उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो. तिथल्या गुरलीन चावला या कायद्याच्या विद्यार्थिनीने आधी घरी स्ट्रॉबेरी लावून पाहिली, जमल्यावर शेतात लावली. जानेवारी २०२१ मध्ये झाशीत स्ट्रॉबेरी महोत्सव भरला आणि 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी तिचा उल्लेख केला. कडक उन्हाळ्याच्या गावात हे जमलं कारण पीक हिवाळ्यात घेतलं.

कुंडी आणि माती

स्ट्रॉबेरीची मुळं उथळ असतात. आठ-दहा इंचांची कुंडी एका रोपाला पुरते. लांबट आयताकृती कुंडी असेल तर दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा. तळाला भोकं हवीतच. पाणी साचलं की रोप गेलं.

माती भुसभुशीत आणि किंचित आम्लधर्मी लागते, सामू साडेपाच ते साडेसहा. महाबळेश्वरची लाल माती अशीच आहे. आपल्याकडची काळी चिकण माती नुसती भरली तर मुळं गुदमरतात. मी वापरलेलं मिश्रण सोपं होतं. एक भाग लाल माती, एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट. कोकोपीट दोन-तीन वेळा पाण्यात धुऊन घ्या, कारण त्यात क्षार असू शकतात आणि स्ट्रॉबेरीला क्षार अजिबात सोसत नाहीत.

हेच पाण्याचं. बोअरचं जड पाणी रोज घातलं तर पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी होतात. लोकांना वाटतं रोग आला आणि फवारणी सुरू होते. आधी पाणी बदलून बघा.

कुंडीला रोज निदान सहा तास ऊन मिळालं पाहिजे. बाल्कनी उत्तरेला असेल आणि ऊन येतच नसेल तर स्ट्रॉबेरीऐवजी पुदिना लावा, सुखी राहाल.

लावताना एकच गोष्ट विसरू नका

रोपाच्या मधोमध, जिथून पानं फुटतात, तिथं एक जाडसर बुंधा असतो. त्याला क्राऊन म्हणतात. हा क्राऊन बरोबर मातीच्या पातळीला आला पाहिजे. खाली गाडला तर कुजतो. वर राहिला तर मुळं उघडी पडून सुकतात. माझ्या सहा रोपांपैकी दोन पहिल्या पंधरवड्यात गेली, दोन्हींचा क्राऊन मी मातीत गाडला होता. इतकं साधं कारण होतं.

लावल्यावर मातीवर भाताचा पेंढा किंवा सुकी पानं पसरा. शेतात गादीवाफ्यावर प्लास्टिकचं मल्चिंग करतात, त्याचंच हे घरगुती रूप. ओल टिकते आणि फळ ओल्या मातीला टेकून सडत नाही.

पाणी सकाळी द्या, बुडाशी द्या, पानांवर नको. बोट मातीत घालून बघायचं, वरचा थर सुका लागला तर पाणी, ओला लागला तर सुट्टी. खताचाही अतिरेक नको. नत्र जास्त झालं की पानं जाड, हिरवीगार होतात आणि फळांचा पत्ता नसतो. फुलं यायला लागली की पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत पुरे.

लावल्या लावल्या येणारी पहिली एक-दोन फुलं खुडून टाका. जिवावर येतं, मान्य आहे. पण त्यामुळे झाडाची ताकद आधी मुळांना जाते. हिवाळ्यात निघणारे रनरही कापा, नाहीतर फळांच्या वाटणीचं ते खातात.

फुलं आली, फळं वेडीवाकडी का?

त्या दोनशे ठिपक्यांचं काम आता आहे. प्रत्येक ठिपका आपल्या आसपासचा गर फुगवतो. १९५० मध्ये जाँ निच या शास्त्रज्ञाने फळावरचे हे ठिपके काढून पाहिले, तर तेवढ्या भागाची वाढच थांबली. म्हणजे फुलाच्या ज्या भागाला परागकण मिळाले नाहीत तो भाग फुगत नाही आणि स्ट्रॉबेरी एका बाजूला चेपलेली, गाठाळ दिसते. तो रोग नसतो.

शेतात हे काम मधमाश्या करतात. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर त्या येतीलच असं नाही. म्हणून मऊ रंगाचा ब्रश घ्या आणि सकाळी उमललेल्या फुलावर मधल्या पिवळ्या भागावरून हलकेच गोल फिरवा. आमच्याकडे हे खातं भाचीकडे होतं. ती सुट्टीच्या दिवशी आली की आधी ब्रश मागायची.

आणि फुलं उमललेली असताना काहीही फवारू नका. मावा किंवा लाल कोळी दिसला तर आधी पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा फवारा मारून धुवा. तेवढ्यानं भागलं नाही तर संध्याकाळी, फुलं टाळून, कडुनिंबाचं तेल सौम्य करून वापरा. करड्या बुरशीचं फळ दिसलं तर लगेच काढून फेका, ती शेजारच्या फळावर जाते. बुलबुल आणि खारीसाठी एकच औषध, जाळी. नाहीतर फळ लाल झालेलं तुमच्याआधी त्यांना कळतं.

तोडायची कधी?

पूर्ण लाल झाल्यावरच. आंबा, केळी, चिकू तोडल्यावर पिकतात. स्ट्रॉबेरी पिकत नाही. तोडल्यावर तिचा रंग थोडा गडद होईल, पण गोडी वाढत नाही. दूरच्या बाजारात जाणारी फळं प्रवासात टिकावीत म्हणून जरा आधी तोडावी लागतात, आणि म्हणूनच घाटातल्या आणि शहरातल्या स्ट्रॉबेरीच्या चवीत फरक पडतो. घरच्या कुंडीचा खरा फायदा हाच आहे. देठाजवळचा पांढरा पट्टा जाईपर्यंत थांबायची चैन तुम्हाला परवडते.

हिशोब परवडतो का?

खरं सांगायचं तर नाही. घरच्या कुंडीत एका रोपाला अख्ख्या हंगामात पाव किलो फळं मिळाली तरी खूश व्हा. माझ्या जगलेल्या चार रोपांना मिळून अर्धा किलोच्या आसपास फळं आली. कुंड्या, माती, रोपं यांच्या पैशात घाटातून चांगले चार-पाच बॉक्स आले असते. त्यामुळे "घरच्या घरी लाखोंची कमाई" असं कोणी सांगत असेल तर त्याची कमाई तुमच्या व्ह्यूजमधून होतेय हे लक्षात ठेवा.

एप्रिल आला की रोप सुकायला लागतं. ते टिकवायचंच असेल तर सावलीत हलवा, पाणी सांभाळा आणि आता येणारे रनर कापू नका. रनरचं टोक शेजारच्या छोट्या कुंडीतल्या मातीवर टेकवून तारेच्या पिनेनं दाबून ठेवा. तीन-चार आठवड्यांत मुळं धरली की आईपासून तोडा. पावसाळ्यात ही पिल्लं आडोशाला ठेवली आणि त्यातली एक-दोन जरी वाचली तरी ऑक्टोबरमध्ये नर्सरीत जायची गरज नाही. नाही वाचली तर वाईट वाटून घेऊ नका. मैदानी भागात स्ट्रॉबेरी ही हिवाळ्याची पाहुणी आहे, झेंडू-शेवंतीसारखं दरवर्षी नव्यानं लावायचं झाड.

भाचीच्या वाढदिवसाला, फेब्रुवारीत, कुंडीत नेमक्या तीन स्ट्रॉबेरी लाल होत्या. एक तिनं खाल्ली, एक आजीला दिली आणि तिसरी कापून आम्हा सगळ्यांना एकेक फोड. नंतर वाटीत देठ ठेवून म्हणाली, "मावशी, ही विकतच्यापेक्षा लहान आहे, पण हिचा वास खोलीभर येतो."

एप्रिलमध्ये धरलेले दोन रनर यंदाच्या पावसातून वाचलेत. एक शेजारच्या काकूंना दिलाय. त्यांनीच तर तण ओळखून दिलं होतं.